गारव्याची हमाली

आधी नाकावर रुमाल धरा, मग डोळे उघडा.

हा मुंबईचा कोट. वैशाखातली भर दुपार आहे आणि साल १८३३ च्या आसपासचं. एखादं वर्ष मागंपुढं झालं तरी उकाड्यात काही फरक पडायचा नाही. समोरच्या मैदानात कापसाच्या गठड्यांची रास लागलीय. तिच्यातले तंतू हवेत तरंगतायत आणि तुमच्या घामेजल्या मानेला चिकटतायत. गोदीकडून डांबराचा वास येतोय, त्याच्या मागोमाग सुक्या मासळीचा, आणि या दोन्हींच्या खालून शेणाचा. मेण्याचे भोई हुंकार टाकत अंगावर येतायत. बाजूला व्हा, ते थांबायचे नाहीत. कोटाच्या भिंतींनी समुद्राचा वारा अडवून धरलाय, त्यामुळं गल्लीत पानही हलत नाही. सदरा पाठीला कधी चिकटला ते तुम्हाला कळलंही नाही.

तहान लागली? त्या रांजणातलं पाणी घ्या. विहिरीचं आहे, कोमट आहे आणि किंचित मचूळ लागेल. याहून गार हवंय? मग एक अट ऐकून घ्या. या सफरीत गार काही मिळवायचं तर त्यासाठी तुम्हालाच राबावं लागणार आहे. आणि राबताना एक प्रश्न विसरायचा नाही: इथली उष्णता गेली कुठं? एखादी वस्तू गार करायची म्हणजे तिच्यातली उष्णता उचलून दुसरीकडं नेऊन टाकायची, एवढंच माणसाच्या हातात असतं. ही हमाली कुणाला तरी करावी लागते. आजचे हमाल तुम्ही.

चला, समोरच्या त्या मोठ्या घरात. घर एका पारशी शेटचं आहे. मागच्या दारानं या. पुढच्या दारानं यायची तुमची आज पायरी नाही.

पहिलं काम सोपं. खिडकीला वाळ्याची ताटी बांधलीय, तिच्यावर पाणी मारत राहायचं. घागरीत हात घाला आणि उडवा. ओल्या मुळांचा तो वास आला ना? क्षणभर सगळं अंग सैल पडतं. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता बरोबर घेऊन जातं, आणि आत येणारी झुळूक थोडी निवलेली असते. पण ही ताटी नागपूरकडच्या कोरड्या झळांमध्ये जी करामत करते, ती मुंबईत तिला जमत नाही. इथल्या हवेनं आधीच पोटभर पाणी पिऊन घेतलंय. आणखी घ्यायला तिच्यात जागा नाही. तुम्ही घागरीमागून घागरी रित्या करता आणि आत बसलेल्यांच्या वाट्याला नुसता सुवास येतो. छताचा पंखा ओढणारा पोरगा दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळून पेंगतोय. त्याला उठवू नका. ते काम शेट करतीलच.

दुसरं काम आबदाराच्या हाताखाली. घरातल्या पाण्याची आणि ते गार करण्याची जबाबदारी त्याची. त्यानं घंगाळात पांढरी भुकटी टाकलीय. तो सोरा, बंदुकीच्या दारूत घालतात तोच. पाण्यात विरघळताना सोरा उष्णता ओढून घेतो. घंगाळात बोट बुडवून बघा, पाणी खरोखरच गार पडतंय. आता ही पिण्याच्या पाण्याची सुरई त्यात गळ्यापर्यंत बुडवा आणि फिरवत राहा. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं. अकबर बादशहाच्या आबदारखान्यात हेच चालायचं. ‘आइन-ए-अकबरी’त मापही दिलंय: शेरभर पिण्याच्या पाण्याला अडीच शेर सोरा आणि तो विरघळवायला पाच शेर पाणी.

मनगट भरून आलं तरी थांबायचं नाही. अखेर सुरई आत जाते. आतून ग्लास खाली ठेवल्याचा आवाज येतो, बाकी काही नाही. तुम्हाला घोटभर? छे. तुमच्यासाठी वेगळंच काम शिल्लक आहे. सोरा महाग असतो. घंगाळातलं पाणी फेकून द्यायचं नाही. ते चुलीवर चढवायचं, आटवायचं आणि तळाशी उरलेला सोरा खरवडून उद्यासाठी ठेवायचा. बसा चुलीपुढं. फुंकणी घ्या. धूर डोळ्यांत जातोय, कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून राखेत टपकतोय.

आली का लक्षात गंमत? शेटच्या पाण्यातली उष्णता सोऱ्यानं घेतली, आणि सोऱ्याला पुन्हा कामाला जुंपण्यासाठी तुम्ही वैशाखात जाळापुढं बसलात. हिशेब चुकता झाला, पण तुमच्या अंगावर.

*

पुरे झाला हा उकाडा. आता उत्तरेकडं चला, प्रयागला. रात्र पौषातली आहे, आणि तुम्ही घामानं भिजलेल्या सदऱ्यातच आलात. वाजतेय ना थंडी? आता तक्रार करू नका.

गावाबाहेरच्या उघड्या माळावर चौकोनी खड्डे खणलेत. खोली दोन फूट, लांबी-रुंदी तीसेक फूट. तळाशी उसाची आणि मक्याची वाळलेली ताटं वीतभर जाडीची पसरलीयत. पायाखाली ती करकरतात, त्यांची धूळ नाकात जाते. या ताटांवर मातीचे उथळ परळ ओळीनं मांडून ठेवलेत, नजर पोचेल तिथवर. खोली बोटाच्या दोन पेरांहून कमी, माती कच्ची, बाहेरून ओलसर. संध्याकाळी उकळून निववलेलं पाणी प्रत्येकात ओतायचं. वाकून ओता, पुढं सरका, पुन्हा वाका. शेवटच्या ओळीपर्यंत पोचता तेव्हा पाठ सरळ होत नाही आणि बोटांना बोटं लागल्याचं कळत नाही.

आता वर बघा. आभाळ निरभ्र आहे, चांदण्या लखलखतायत. मुकादम बोट ओलं करून वर धरतो, वारा आहे का ते बघतो. वारा सुटला तर सगळी मेहनत फुकट. ढग आले तरी फुकट. आज दोन्ही नाहीत. शेकोटीपाशी बसा, चिलमीचा वास घ्या आणि वाट बघा.

पहाटे हाक येते. अंधारातच उठा, परळांपाशी जा. पहिल्या परळावर बोटानं टिचकी मारा. टक्! पाण्यावर साय धरावी तसा पापुद्रा बसलाय. काही परळांत तर तळापर्यंत गोठलंय. आणि गंमत म्हणजे तुमच्या भोवतीची हवा तितकी थंड नाहीच. खालच्या वाळक्या ताटांनी जमिनीची ऊब वर येऊ दिली नाही, थोडं पाणी कच्च्या मातीतून झिरपून उडून गेलं, आणि उरलेली उष्णता उघड्या आभाळानं ओढून घेतली. रॉबर्ट बार्कर या इंग्रजानं ही सगळी पद्धत नीट बघून १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली. परळ मांडणाऱ्यांना तिची माहिती अर्थातच आधीपासून होती.

सूर्य वर यायच्या आत धावा. पापुद्रे फोडून टोपल्यात भरा, टोपलं डोक्यावर घ्या. कडांवरून गार पाणी कानामागं उतरतंय. बर्फ साठवायची विहिरीएवढी खोल खाच पलीकडं आहे. तिला आतून गवत आणि जाड कांबळी लावलीयत. आत ओता. खाली उभी असलेली माणसं धुम्मसानं ठोकून ठोकून त्याचा एकच गोळा करतायत. वर पुन्हा गवत, त्यावर छप्पर. हा साठा उन्हाळ्यात निघेल. त्यात काड्या असतील, मातीचा कण असेल, तरी जेवणाच्या टेबलावर त्याची वाट बघितली जाईल.

या सफरीतली ही पहिलीच जागा अशी की उष्णता दुसऱ्या कुणाच्या माथी न जाता थेट चांदण्यांकडं गेली. हात मात्र तुमचेच बधिरले.

मुंबईला हा मार्ग बंद आहे. तिथं पौषातही पाणी गोठत नाही. मग मुंबईनं करायचं काय? दुसऱ्या कुणाचा तरी हिवाळा विकत घ्यायचा.

*

आता अंगावर मिळेल ते सगळं चढवा. अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स, कॉन्कॉर्ड गावाजवळचं वाल्डन तळं, १८४६-४७ चा हिवाळा. श्वास घेतलात की नाकातले केस ताठ होतात. तळं पायाखाली टणक झालंय, त्यावर माणसं आहेत, घोडे आहेत, आणि घोड्यांना जुंपलेले नांगर आहेत. हो, नांगर. बर्फ नांगरायचा असतो इथं. जवळच्या केंब्रिजमधल्या फ्रेश पाँड तळ्यावर नॅथॅनिएल वायेथ या माणसानं ही अवजारं बनवली, आणि तोवर हातकरवतीनं चालणारं काम घोड्यांच्या जिवावर धावू लागलं. परातीतल्या वड्या पाडाव्यात तशा नांगर आधी उभ्या रेघा मारतो, मग आडव्या. त्या रेघांत पहार घालून दाब दिला की कडाड आवाज होतो आणि चौकोनी चिरा सुटून पाण्यावर तरंगायला लागतो. आकड्यानं तो काठाकडं ओढायचा.

तुमच्या आजूबाजूला शंभरेक आयरिश मजूर आहेत, त्यांच्यावर यांकी मुकादम. शिव्या, हाका, घोड्यांच्या नाकांतून निघणारी वाफ. घोड्यांना चारा कशातून देतायत बघा: बर्फाच्या चिऱ्यात खळगा कोरलाय आणि त्यात ओट ओतलेत. दिवस चांगला गेला तर हजार टन निघतो, म्हणजे एकरभर तळ्याचं पीक.

पाय घसरला? पडलात पाण्यात? घाबरू नका, तुमच्या आधी एक मजूरही असाच पडला होता. तो गेला तिकडंच जा, त्या काठावरच्या लहानशा झोपडीत. तिथं शेगडी पेटलेली असते. झोपडीत राहणारा हेन्री डेव्हिड थोरो हे सगळं टिपून घेतोय. त्याच्या ‘वाल्डन’ या पुस्तकात चक्क मुंबईचं नाव आहे. आपल्या तळ्याचं पाणी मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याची घामाघूम माणसं पिणार, या कल्पनेची त्याला भारी मौज वाटली. खरं म्हणजे वाल्डनकाठी त्या हिवाळ्यात रचलेला तो प्रचंड ढीग बाजाराला गेलाच नाही. वितळत वितळत बराचसा पुन्हा तळ्यातच उतरला. पण बॉस्टनच्या आसपासच्या इतर तळ्यांचा बर्फ हिंदुस्थानच्या वाटेला लागलेला होता.

इथली उष्णता हिवाळ्यानं फुकटात नेली. पुढचं काम आणखी अवघड आहे: ती परत येऊ द्यायची नाही.

*

बॉस्टनचा धक्का. जहाजाच्या तळघरात उतरा. ओल्या देवदाराचा वास कोंदलाय. तो लाकडाच्या भुशाचा आहे. चिरे एकमेकांना खेटून रचायचे आणि फटीफटीत भुसा ठासायचा. मेन प्रांतातल्या लाकूडगिरण्यांपुढं हा भुसा नुसता पडून असायचा. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याच्या हातात पडल्यावर त्याचा माल झाला. १८०६ मध्ये ट्यूडरनं पहिल्यांदा वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर बर्फ पाठवला तेव्हा बॉस्टनचे लोक हसले होते. बेटावर बर्फ ठेवायला जागाच नव्हती. गिऱ्हाइकं यायच्या आत मालाचं पाणी झालं. पुढं कर्जापायी त्याला तुरुंगही बघावा लागला. पण तो शिकत गेला आणि अखेर लोक त्याला बर्फाचा राजा म्हणू लागले.

तळघराचं झाकण बंद झालं. आता चार महिने. अटलांटिकवरून खाली, विषुववृत्त ओलांडून, आफ्रिकेच्या टोकाला वळसा, पुन्हा विषुववृत्त. डेकवरच्या फळ्या इतक्या तापतात की अनवाणी पाय ठेववत नाही. फटींतलं डांबर मऊ होऊन तळव्यांना चिकटतं. पिंपातलं पिण्याचं पाणी हिरवट झालंय, त्याला वास मारतोय. आणि तुमच्या पायाखाली, फळीच्या पलीकडं, तळंच्या तळं भरून गारवा पडलाय. एक तुकडा काढून चाखावा? विसरा. झाकण उघडलं की गरम हवा आत शिरलीच. तुमचं काम पंप मारायचं. वितळलेलं पाणी तळाशी साचलं तर उरलेल्या बर्फालाही गिळेल, म्हणून ते उपसून समुद्रात सोडायचं. दांडा खाली, दांडा वर. पंपाच्या तोंडातून पडणारी ती धार म्हणजे व्यापाऱ्याचा पैसा, आणि तो तुम्ही आपल्या हातानं समुद्रात ओतताय.

१८३३ मध्ये ‘टस्कनी’ नावाचं जहाज पहिल्यांदा कलकत्त्याला बर्फ घेऊन निघालं तेव्हा त्यावर १८० टन चढवला होता. पोचला शंभराच्या आसपास. एवढा उरला म्हणून तिकडं जल्लोष झाला.

*

आता पुन्हा मुंबई, पण दहाएक वर्षं पुढची. कोटातच चला, सेंट अँड्र्यूज चर्चपाशी. चर्चला लागून घुमटाची जी इमारत दिसतेय ते बर्फाचं घर. आज त्या जागेवर के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. इमारतीच्या दाराशी पहाटेपासून घरोघरचे गडी जमलेत. प्रत्येकाच्या खांद्यावर घोंगडी.

एवढ्या उन्हात घोंगडी? तुम्हीही घ्या एक. घोंगडी ऊब देत नसते, ती उष्णतेला फक्त अडवते. हिवाळ्यात तुमच्या अंगातली बाहेर जाऊ देत नाही, उन्हाळ्यात बाहेरची आत येऊ देत नाही. मेंढीच्या लोकरीला दोन्ही कामं सारखीच.

दार किलकिलं होतं आणि आतून पांढरट वाफेचा लोट पायांवर येतो. पुढचे सगळे नकळत एक पाऊल सरकतात, नुसतं त्या वाऱ्यात उभं राहायला. ढकलाढकल, आरडाओरडा, गुजराती, मराठी, हिंदुस्थानी, मधूनच एखादी इंग्रजी शिवी. आत अंधार आहे, भुशाचा तोच ओला वास आहे, तळ्यावर ऐकलेला तोच कडाड आवाज. तराजूवर चिरा चढतो. सुरुवातीला मुंबईत हा माल रतलाला चार आणे दरानं विकला जायचा. तुमच्या खिशाचं हे काम नव्हे, पैसे शेटचे आहेत. जहाजाला उशीर झाला की कोठारं रिकामी पडतात, आणि पुढची शिडं क्षितिजावर दिसेपर्यंत श्रीमंतांनाही रांजणाचंच पाणी गोड मानावं लागतं.

मिळाला तुकडा? घोंगडीत गुंडाळा, पाठीवर घ्या आणि पळा. थांबायचं नाही. पहिली काही पावलं स्वर्गसुख आहे. घोंगडीतून गारवा पाठीच्या कण्यावर उतरतो. मग घोंगडी भिजते. मग पाणी कमरेवरून पायांवर येतं आणि मागं रस्त्यावर ओली रेघ उमटत जाते. दोनचार पोरं त्या रेघेवरून अनवाणी नाचत तुमच्या मागं लागलीयत. वाटेत कुणी विचारतं, “काय रे, काय नेतोस?” उत्तर द्यायला थांबलात तर पाव रतल गेला. ओझं हलकं होत जातं तसतसा जीव जड होत जातो, कारण घरी ते पुन्हा तोलणार आहेत.

मागच्या दारात गोव्याचा बटलर उभाच आहे. “अरे, पळत ये म्हटलेलं! सगळं पाणी करून आणलंस!” तो घोंगडी सोडतो, भुसा धुऊन काढतो, टोच्यानं घाव घालतो. ठिकऱ्या उडतात. एक तुमच्या हातावर पडते. उचला. चटका बसतो ना? झटकून टाकू नका. तोंडात टाका.

बोलू नका काही वेळ. दात ठणकतायत, जीभ बधिर झालीय, डोळ्यांत पाणी आलंय. ज्या तळ्यावर तुम्ही घसरून पडलात तसल्याच एखाद्या तळ्याचं हे पाणी आहे. चव? काहीच नाही. इतक्या लांबून आलेली वस्तू अगदी बेचव आहे, आणि तरी तुम्ही दुसरी ठिकरी शोधताय.

जेवणघरातून काचेचा किणकिणाट ऐकू येतो. लोणी आज ताटलीत पसरलेलं नाही, सुरीनं कापावं लागतंय. बटलर हळू आवाजात जुनी गोष्ट सांगतो. मुंबईत पहिल्यांदा अमेरिकेचा बर्फ आला तो १८३४ मध्ये. जहांगीर नसरवानजी वाडियांच्या पेढीनं आणवला. जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं. मग काही दिवसांनी ‘मुंबई समाचार’मध्ये बातमी आली, असं सांगतात, की यजमान आणि पाहुणे सगळ्यांनाच सर्दी झालीय. परदेशी चैन केल्याची शिक्षा म्हणून वाचणारे गालातल्या गालात हसले असणार.

*

त्याच १८३४ मध्ये लंडनला जेकब पर्किन्स नावाच्या अमेरिकनानं एका यंत्राचं पेटंट घेतलं. बर्फाची जहाजं आणि घुमटाची कोठारं ज्या तत्त्वानं पुढं मोडीत निघाली, ते या पेटंटात होतं. पण कागदावरचं यंत्र अंगाला लागत नाही. तुम्हाला मी एका छापखान्यात नेतो.

ऑस्ट्रेलियातलं जिलाँग, १८५० नंतरची वर्षं. शाईचा वास, शिशाचा वास, खिळे जुळवणाऱ्यांची टकटक. हातात फडकं घ्या. छापून झालेले खिळे पुसायचेत, आणि पुसायला बाटलीत ईथर ठेवलंय. ओता थोडं. गोडसर, डोक्यात जाणारा वास येतो. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर गरगरेल. आता खिळ्यांना बोट लावा. गार! ईथर उडून जाताना धातूतली उष्णता घेऊन गेलं. मुंबईच्या ताटीवरचं पाणी हेच करत होतं, ईथर तेच काम कितीतरी झपाट्यानं करतं. वर्तमानपत्राचा मालक जेम्स हॅरिसन याच खिळ्यांवरून विचारात पडला, अशी गोष्ट सांगतात. ईथर उडून जाऊच दिलं नाही तर? त्याची वाफ नळीत पकडायची, पंपानं दाबायची, दाबल्यावर तापलेली ती वाफ पाण्यानं निववायची, म्हणजे तिचं पुन्हा ईथर होईल. मग तेच पुन्हा उडवायचं. गावाजवळच्या बारवन नदीकाठी त्यानं हे यंत्र उभं केलं. धडधड, वाफ, गळणारे सांधे, आणि ईथरचा भडका उडेल की काय अशी सततची धास्ती. पण पलीकडच्या बाजूला बर्फ पडत होता.

त्याच सुमाराला अमेरिकेच्या फ्लोरिडात, अपालाचिकोला या दमट बंदरात, जॉन गोरी नावाचा डॉक्टर तापानं फणफणलेल्या रोग्यांच्या खोल्यांत छताला बर्फाची भांडी टांगत होता. उत्तरेकडचं जहाज आलं नाही की रोगी तळमळायचे. म्हणून त्यानं हवा दाबून आणि मग सैल सोडून बर्फ करण्याचं यंत्र बनवलं, १८५१ मध्ये पेटंटही मिळवलं. भांडवल मात्र मिळालं नाही. काही वर्षांत तो गेला. आज त्याचा पुतळा अमेरिकेच्या संसदभवनात आहे.

१८७० नंतर मद्रास आणि कलकत्त्यात यंत्राच्या बर्फाच्या कंपन्या निघाल्या आणि बॉस्टनच्या जहाजांचं बस्तान उठलं. तुम्हाला आता शेवटचं काम: बर्फाचा कारखाना. आत शिरताच डोळे झोंबतील, तो अमोनिया. ईथरची जागा त्यानं घेतलीय. मोठ्या हौदात मिठाचं पाणी आहे, शून्याखाली गेलेलं आणि मिठामुळं न गोठणारं. त्यात गोड्या पाण्याचे पत्र्याचे डबे बुडवून ठेवलेत. अमोनिया हौदातल्या नळ्यांमधून फिरतो, उष्णता घेतो. डबा वर उचला, साध्या पाण्यात बुचकळा, तिरपा करा. सर्रकन लादी बाहेर घसरते, पाय बाजूला घ्या. आकडा रोवून ओढा. वर भुसा, गोणपाट, आणि हातगाडी. ही लादी मासळीबाजारात फुटेल, गोळेवाल्याच्या रंध्यावर तासली जाईल, लग्नाच्या मांडवात सरबताच्या पिंपात पडेल. रतलाला चार आणे मोजणारे शेट आता लागत नाहीत.

आणि उष्णता? कारखान्याच्या मागं या. नळ्यांच्या जाळीवरून पाणी सोडलंय, ते वाफाळतंय. हौदातली सगळी उष्णता इथं बाहेर पडतेय, वर यंत्रानं खाल्लेल्या कोळशाची किंवा विजेची भर. इथं काम करणारा माणूस उघड्या अंगानं उभा आहे.

तुमच्या घरचा फ्रिज हाच कारखाना आहे, फक्त लहान. कालच्या आमटीतली उष्णता तो उचलतो आणि मागच्या किंवा बाजूच्या पत्र्यातून स्वयंपाकघरात सोडतो. म्हणूनच फ्रिजचं दार सताड उघडं टाकून खोली गार करू पाहणाऱ्याची खोली तापते. एसी तेवढा धूर्त निघाला. तो आपलं ओझं भिंतीपलीकडं, गल्लीत टाकतो. गल्लीत कुणी राहतं, कुणी गाडी लावून काकड्या विकतं, कुणी इस्त्री करतं. ती सगळी माणसं तुमची हमाली करतायत, आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात घराला एसी बसवायला माणूस येईल तेव्हा त्याच्याबरोबर खिडकीपाशी जा आणि बाहेरच्या पेटीचं तोंड कुणाच्या दाराकडं होतंय ते बघा. वळवता येत असेल तर वळवून घ्या. वैशाखात चुलीपुढं बसून सोरा आटवलेल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं.